विल्फ्रेड ऱ्होड्स : एका धंदेवाईक खेळाडूची कारकीर्द

क्रिकेट हा सभ्य गृहस्थांचा खेळ अशी ख्याति आहे. परंतु इंग्लंडांत त्याचा मुख्य भार वाहिला तो वेतन घेऊन खेळणाऱ्या धंदेवाईक खेळाडूंनीं. हौशी गृहस्थांसाठीं कपडे बदलण्याची खोली निराळी, कित्येक मैदानांवर प्रवेशद्वारहि निराळें. आणि संघाचें नायकत्व बहुधा त्यांच्याकडेच. या व्यवस्थेंत विल्फ्रेड ऱ्होड्स यांनीं तीन दशकांहून अधिक काळ काढला.

त्यांचा जन्म १८७७ सालीं यॉर्कशायर परगण्यांतील कर्कहीटन या गांवीं झाला. १८९७ मध्यें बॉबी पील या नामांकित डावखुऱ्या गोलंदाजास मद्यपानापायीं यॉर्कशायरनें संघांतून दूर केलें. ती जागा पुढल्याच वर्षीं ऱ्होड्स यांनीं घेतली आणि पहिल्याच हंगामांत १५४ बळी मिळविले. त्यांची गोलंदाजी मंदगति, पण टप्पा विलक्षण अचूक. १९०२ सालीं एजबॅस्टन येथें त्यांनीं १७ धांवांत ७ गडी बाद केले व ऑस्ट्रेलियाचा डाव अवघ्या ३६ धांवांत आटोपला.

त्याच वर्षीं ओव्हल मैदानावर ते अकरावे फलंदाज म्हणून गेले, आणि विजयास उरलेल्या १५ धांवा त्यांनीं व हर्स्ट यांनीं मिळून काढल्या. परंतु शेवटच्या जागेवर ते संतुष्ट राहिले नाहींत. परिश्रमानें फलंदाजी सुधारून १९१२ सालीं मेलबर्न येथें त्यांनीं हॉब्ज यांच्यासमवेत सलामीलाच ३२३ धांवा रचल्या! पुढें १९२६ मध्यें, वयाच्या ४८ व्या वर्षीं, त्यांना इंग्लंडच्या संघांत पुन्हां बोलावणें आलें. ओव्हलवर दुसऱ्या डावांत त्यांनीं ४४ धांवांत ४ बळी घेतले, आणि इंग्लंडनें चौदा वर्षांनीं ‘ॲशेस’ परत मिळविल्या.

१९३० सालीं ते निवृत्त झाले, तेव्हां त्यांच्या नांवावर चार हजारांहून अधिक बळी व जवळजवळ चाळीस हजार धांवा होत्या. बळींचा तो विक्रम अद्यापि अबाधित आहे. यॉर्कशायरचें नायकपद मात्र त्यांच्या वांट्यास आलें नाहीं.

१९४९ सालीं एम्. सी. सी. या मातबर संस्थेनें २६ निवृत्त धंदेवाईक खेळाडूंना सन्माननीय आजीव सभासद करून घेतलें. त्यांत ऱ्होड्स होते. तोंवर त्यांची सत्तरी उलटली होती व दृष्टि अधू होत चालली होती. पुढें ती सर्वस्वीं गेली. तरीहि ते मैदानावर येत आणि फळीवर बसणाऱ्या चेंडूच्या आवाजावरून खेळ ओळखीत. हौशी व धंदेवाईक हा भेद १९६२ मध्यें रद्द ठरला. तें ऐकण्यास ऱ्होड्स हयात होते. १९७३ सालीं ते वारले.