तळ्याकाठचा बांबू : एक लहानसा इतिहास

पाण्याची टाकी, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स यांचा इतिहास या स्मरणिकेत इतर सभासद लिहीत आहेत. बागेचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं, म्हणून तळ्याकाठच्या बांबूबद्दल मी लिहावं असं संपादक मंडळाने सुचवलं. विषय लहान वाटेल. पण पार्किंगच्या खालोखाल आपल्याकडे सर्वांत जास्त वाद याच बांबूवरून झाले, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

ताबा मिळाला तेव्हा बागेच्या जागी फक्त सिमेंटचं तळं आणि मातीचे ढीग होते. मागच्या रस्त्याची धूळ अडावी म्हणून पहिल्या कमिटीने नर्सरीतून पिवळ्या बांबूची तीन रोपं आणून तळ्याच्या पश्चिमेला लावली. पाच-सहा पावसाळ्यांत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला टेकेल एवढं बेट झालं. धूळ खरंच कमी झाली आणि उन्हाळ्यात तिथे बसायला सावली मिळाली.

मग तक्रारी सुरू झाल्या. पानगळीने तळ्यात गाळ साचायचा, पाण्याला वास यायचा, मासे मरायचे. काठाच्या दोन फरश्या उचलल्या गेल्या. पण खरी भीती बसली ती तळ्याच्या पूर्वेला, बेटापासून वीस-पंचवीस फुटांवर, एका ओळीत नवे बांबू उगवले तेव्हा. परदेशात बांबू जमिनीखालून धावत जाऊन शेजाऱ्याच्या अंगणात निघतो, असे व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. पूर्वेकडच्या तळमजल्यावरच्या कुटुंबांना वाटलं, आता हा आमच्या घराच्या पायापर्यंत येणार. वार्षिक सभेत ठराव आला : जेसीबी लावून सगळं उपटा, उरलेल्यावर तणनाशक मारा. रस्त्याकडच्या घरांचा त्याला कडाडून विरोध. बोलाचाली इतकी वाढली की दोन शेजारी काही महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

शेवटी ठरलं की आधी हा बांबू कोणता ते पाहू, मग काय ते करू.

इथे आपल्या सोसायटीतलीच माणसं कामाला आली. सिंधुदुर्गाकडच्या एक आजी म्हणाल्या, हा आमचा माणगा नव्हे. माणगा जवळजवळ भरीव असतो, हा पोकळ आहे. विदर्भातल्या काकांनी त्याच कारणाने मानवेलही बाद केला. काटे नाहीत, म्हणून कळकही नाही. उरला प्रश्न धावणाऱ्या परदेशी बांबूचा. चीन-जपानकडच्या त्या जातीत फांद्या फुटतात तिथे पेराला एका बाजूने खोलगट पन्हळ असते आणि बहुधा दोनच फांद्या निघतात. आपला बांबू सगळीकडून गोल, पिवळ्या अंगावर हिरव्या रेघा, पेरावर फांद्यांचा झुबका. म्हणजे हा बांबुसा व्हल्गारिस, त्यातला पट्ट्यांचा प्रकार. हा बेट करून राहणारा. त्याचे कंद आखूड असतात. बेट दरवर्षी थोडं थोडं बाहेर सरकतं, पण वीस फूट उडी मारत नाही.

मग पूर्वेची ओळ आली कुठून? माळीकाकांनी मधली जागा दीड फूट खणून पाहिली. तिथे बांबूचा एकही कंद सापडला नाही. उत्तर मिळालं जमाखर्चाच्या जुन्या फाईलमध्ये. एका वर्षीच्या व्हाउचरवर ‘तळ्यास कुंपण, मजुरी’ असं लिहिलं होतं. सामानाचा खर्च शून्य. मुलं पाण्यात पडू नयेत म्हणून बेटातलेच हिरवे बांबू तोडून, त्याचे खुंट ओल्या मातीत ठोकले होते. या जातीचा हिरवा तुकडा ओलीत पुरला की सहज मुळं धरतो. नर्सरीवाले रोपं अशीच करतात. बांबू चालत गेला नव्हता, कुंपण फुटलं होतं!

हे सभेत सांगितल्यावर निम्मी भीती तिथेच गेली. एका सभासदाने कायद्याचा मुद्दा काढला, तोही योग्यच होता. बांबू शास्त्राने गवत, पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडांत धरलं होतं. २०१७ च्या दुरुस्तीने तो शब्द व्याख्येतून निघाला. तरी शहरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा वेगळा कायदा आहे, म्हणून उद्यान खात्याला लेखी विचारूनच पुढचं काम केलं.

पूर्वेची ओळ मुळासकट खणून काढली. तळ्यातले मासे आणि बेडूक यांच्यामुळे तणनाशक वापरलं नाही. पश्चिमेचं बेट ठेवलं, पण शिस्तीत. नव्या कमिटीसाठी ती शिस्त इथे लिहून ठेवतो.

पावसाळ्यात आखलेल्या रेषेबाहेर आलेला कोंब वीतभर असतानाच मोडायचा. रेषेच्या आतल्या कोंबांना हात लावायचा नाही. दरवर्षी नव्या बांबूंवर वेगळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे वय कळतं. तोड दिवाळीनंतर ते पाडव्यापर्यंतच, आणि तीन वर्षांवरच्या बांबूंचीच. तोडताना पेराच्या लगेच वर कापायचं. नाहीतर खुंटात पाणी साचून डास होतात. तोडलेला हिरवा बांबू बागेत कुठेही रोवायचा नाही.

या तोडीतल्या बारीक काठ्या दरवर्षी गुढ्यांसाठी वाटल्या जातात. पहिली काठी पूर्वेकडच्या तळमजल्यावर जाते. हा ठराव कुणी मांडला नव्हता, माळीकाकांनीच तो रिवाज पाडला.