रविवार कुणाचा?

लालबागहून आम्ही बोलतोय.

गणपती आटोपल्यावर एका रविवारी आम्ही चाळीत रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासायचं शिबिर ठेवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दोन टेबलं लावली, खुर्च्या मांडल्या. अकरा वाजले तरी फार कुणी फिरकेना, म्हणून आम्हीच दारोदार गेलो. कुणी कोलंबी सोलत होती, कुणाची मशीन लागली होती, कुणाकडे नणंद येणार होती. ओढून आणलेल्या प्रत्येकीला डॉक्टरबाई विचारत होत्या, "सकाळपासून काय खाल्लंत?" उत्तर बहुतेक एकच, चहा. आमच्यातल्याच एकीचा रक्तदाब इतका चढलेला निघाला की डॉक्टरबाईंनी पुन्हा मोजला, आणि मग म्हणाल्या, आत्ता केईएमला जा. आमची मैत्रीण शांतपणे म्हणाली, "आज कसं जमेल? आज रविवार आहे. सगळे घरी आहेत."

आम्ही हसलो खरं, पण ते वाक्य मनातून जाईना. सुट्टीचा दिवस आहे म्हणून सवड नाही! हा रविवार आपल्याकडे आला कुठून, तो कुणी कुणासाठी मिळवला, हे शोधत आम्ही जुन्या गोष्टींत शिरलो. त्यातलं थोडं आज सांगतो.

रविवार मिळवला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तेव्हाच्या मागण्या वाचल्या की अंगावर काटा येतो. आठवड्याला एक सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्य मावळला की थांबावं. सूर्य मावळला की थांबावं, एवढं मागण्यासाठी सभा भरवावी लागत होती. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन गिरणी कामगार बायका उभं राहून बोलल्या. दहा हजार माणसं, कर्णा नाही, माइक नाही, आणि काळ १८९० चा! त्यांची नावं आम्हाला शाळेत कुणी शिकवली नाहीत. लोखंड्यांचं नाव निदान रस्त्यांना, चौकांना आहे. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्याने बायकांचा कामाचा दिवस ११ तासांवर आणला. अकरा तास ही तेव्हा सवलत होती.

आता त्या बाईचा रविवार कसा गेला असेल? आमच्या आज्यांनी सांगितलेला रविवार असा. डोक्याला तेल, पोरांच्या उवा, आठवड्याचं धुणं, दळण-कांडण, गावाहून आलेल्या माणसाचं जेवण. नवरा चौकात, भजनात नाहीतर आखाड्यात. भोंगा वाजत नव्हता एवढाच फरक. तेल लावायचं म्हणून तरी ती तासभर खाली बसायची, आणि बहुतेकींच्या आठवणीत रविवार म्हणजे तोच तास आहे.

या बायका गिरणीत काय करायच्या? रीलिंग आणि वाइंडिंग, म्हणजे सूत उकलायचं, गुंडाळायचं. त्यांच्यावर नायकीण असायची. तिची मर्जी राखावी लागे. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. पोटुशी राहिली तरी ती शक्य तेवढे दिवस कामावर जायची, कारण घरी बसलं की पगार बंद आणि जागाही जाण्याची भीती. बाळंत झाली की पुन्हा काम. मग बाळाला बघणार कोण? इथे ती गोष्ट येते, जी आमच्यातल्या वयस्कर बायकांनी ऐकलेली आहे, पण उघड कुणी बोलत नाही. बाळगोळी. अफूची. ती दिली की बाळ झोपायचं, आई पाळीवर जायची.

१९२२ साली डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी सरकारसाठी केली. त्यांनी लिहून ठेवलं की या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकजण रागावली, "म्हणजे आपल्या पणज्या पोरांना विष देत होत्या असंच ना?" तसं नाही. एका खोलीत दहा माणसं, नळ खाली, संडास मजल्याच्या टोकाला, अकरा तास घराबाहेर. बाळ रडून रडून निळं पडण्यापेक्षा झोपलेलं बरं, एवढाच तिच्यापुढचा हिशोब होता. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर बाळं वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ जन्म गावाला होत किंवा नोंदलेच जात नसत, त्यामुळे हा आकडा आहे त्यापेक्षा फुगलेला दिसतो, असं जाणकार म्हणतात. तो निम्मा केला तरी काय उरतं, बघा.

याच आकड्यांनी पुढची गोष्ट हलली. आर. एस. आसवले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आणलं. जुलै १९२८ मध्ये त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठासून सांगितलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलायला हवा. १९२९ साली कायदा झाला. देशातला असा हा पहिलाच. बाळंतपणाआधीचे काही आठवडे आणि नंतरचे चार आठवडे, दिवसाला आठ आणे. घरी पडून राहायचे पैसे मिळतात, हे आपल्या बायकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेजारणींनी काय काय बोलून घेतलं असेल, कल्पना करा.

त्याच सुमाराला परळला दवाखाने उभे राहत होते. १९२६ साली केईएम आणि त्याच वर्षी गिरणी कामगारांच्या बायकांसाठी वाडियांचं प्रसूतिगृह. आमच्यातल्या निम्म्याअधिक वाडियात जन्मल्या. लालबागच्या कुठल्याही चाळीत विचारा, "कुठली गं तू?" "वाडियातली." याला आम्ही गाव विचारणं म्हणत नाही, पण उत्तर तसंच येतं.

पुढे मात्र विचित्र झालं. ज्या बायकांसाठी कायदा झाला, त्या गिरणीतून कमी होत गेल्या. कारण एकच नव्हतं. रीलिंगची कामं घटली, नवी यंत्रं आली, रातपाळीला बायकांना मनाई होती आणि गिरण्या तर तीन पाळ्यांत चालू लागल्या, शिवाय बाळंतपणाची रजा, पाळणाघर हे मालकांना खर्चाचं वाटे. बाई घरी आली. घरी आली म्हणजे बसली असं नाही. तिने खाणावळ घातली.

खाणावळीचं आम्ही थोडं सविस्तर सांगणार, कारण आमच्यातल्या तिघींच्या घरात ती होती. कोकणातून, साताऱ्याकडून एकटे आलेले गडी गाळ्यात दाटीने राहायचे आणि ओळखीच्या बाईकडे जेवायचे. पहिली पाळी सातची, म्हणून ती चारला उठायची. दुसरी पाळी दुपारी साडेतीनला लागे, त्यांचं जेवण त्याआधी. रातपाळीवाले सकाळी परत. म्हणजे स्टोव्ह विझायचाच नाही. वाण्याकडून महिनाभर उधारीवर माल, पगार झाला की मेंबरांचे पैसे, ते आले की वाण्याचं देणं, आणि वाणी उधारीच्या मालाला भाव चढा लावणार. तिला कायद्यात नाव नव्हतं. कामगार नाही म्हणून रजा नाही, दुकानदार नाही म्हणून कर्ज नाही. पंधरा-वीस माणसांना पोटभर जेवू घालणारी ही बाई स्वतः जेवायची ती उरलेलं, उभ्याने, चार वाजता. आमच्यातल्या एकीची आजी सांगायची की ताट वाढून बसले असं मला वर्षातून एकदाच आठवतं, माहेरी.

प्रेमाताई पुरव यांना हे दिसलं. गोवामुक्तीच्या लढ्यात गोळी झेललेल्या, कामगार चळवळीत मुरलेल्या बाई. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळ चालवणाऱ्या १४ बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय, तर एकमेकींचा शब्द. तोवर यातल्या कितीजणींनी बँकेची पायरी चढली असेल? आम्हाला या गोष्टीत कर्जापेक्षा दुसरंच महत्त्वाचं वाटतं. मंडळाच्या बैठकीला जायचं म्हणून बाई दुपारी तास-दोन तास घराबाहेर पडू लागली. मेंबर थांबले, मुलाने स्वतः वाढून घेतलं, आणि आभाळ कोसळलं नाही.

मग १८ जानेवारी १९८२. संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार, डॉक्टर दत्ता सामंतांचं नेतृत्व. त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय, आम्ही फक्त एवढंच सांगतो की गडी गावाला गेले तशा खाणावळी ओस पडल्या आणि बायका मिळेल ते करू लागल्या. धुणीभांडी, पापड, शिवण, भाजीची टोपली, उन्हाळ्यात मसाला कुटायला आलेल्या गिऱ्हाइकांच्या मिरच्यांचे देठ काढणं. मिरचीने बोटं भाजायची, रात्री तेलात बुडवून ठेवायची. त्या वर्षांत कुणी आजारी पडलं नाही असं आमच्या आया म्हणतात. पडल्या असणारच. सांगितलं नाही.

आता एक न आवडणारी गोष्ट. मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, सकाळी हिरड्यांना लावून बसायचं. गिरणगावात गावाकडून आली आणि मुक्काम करून राहिली. आम्ही तिला शिव्या देऊन मोकळ्या होऊ शकतो, पण नीट बघा. पहाटे चार वाजता, घर झोपलेलं असताना, मोरीपाशी पाच मिनिटं एकटीने बसायची ती एकच परवानगी बाईला होती. मशेरी लावणाऱ्या बाईला कुणी हाक मारत नाही, तोंड भरलेलं असतं ना! शिवाय भूक मरते, आणि भूक मरणं सोयीचं होतं. किंमत नंतर कळली. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आपल्या परळलाच आहे, तिथल्या रांगा आपण पाहिल्यात. मुंबईतल्याच गरोदर बायकांवर केलेला एक अभ्यास २००४ साली छापून आला. मशेरीसारखी तंबाखू वापरणाऱ्या आईचं बाळ सरासरी शंभरेक ग्रॅमने हलकं भरतं, असं त्यात दिसलं. म्हणजे बाळगोळी गेली तरी तंबाखू पोटातल्या बाळापर्यंत पोचतच होती.

आमच्यातल्या दोघींनी मशेरी सोडली. कशी, तर ती पाच मिनिटं न सोडता. एकजण त्या वेळेला गॅलरीत उभी राहून बडीशेप चघळते, दुसरी केस विंचरते. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, सुनेवर दोनदा ओरडून झालं. डबा अजून एकीच्या घरात माळ्यावर आहे, हेही सांगतो, लपवत नाही.

गॅलरीचं नाव निघालं म्हणून. आमची चाळ पाडायची बोलणी चालू आहेत. टॉवरमध्ये संडास घरात येईल, आणि मजल्याच्या टोकाला जायचं म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बायकांसाठी ती मोठी गोष्ट आहे. त्याला कुणी नाक मुरडू नये. पण दुपारी पाय पसरून बसायला, एकमेकीच्या डोक्यात तेल घालायला, "काय गं, तोंड का सुकलंय?" असं विचारायला गॅलरी असणार नाही. बिल्डरच्या माणसाला आम्ही हे विचारलं. त्याने नकाशात जिम दाखवली.

आमची ती मैत्रीण? रविवारी गेलीच नाही. सोमवारी पाणी आलं नाही, मंगळवारी नातवाची परीक्षा. बुधवारी आम्ही दोघी तिच्या दारात जाऊन बसलो आणि तिला घेऊनच उठलो. गोळी सुरू झाली. सकाळी काहीतरी खाऊन घ्यायची आहे, म्हणून आता ती साडेसातला भाकरीचा चतकोर आणि दूध घेते, खाली बसून. घरच्यांना सुरुवातीला नवल वाटलं. रविवारचं जेवण तिच्या मुलाने करायचं असं ठरलं आहे. तीन रविवार झाले. पहिल्या दिवशी भात करपला, दुसऱ्या दिवशी तिने मधेच उठून आमटीत मीठ घातलं आणि आमची बोलणी खाल्ली. परवाच्या रविवारी मात्र ती अकरा वाजता गॅलरीत आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "तेलाची बाटली आणलीय, कोण बसतंय?"