यवतमाळ जिल्ह्यातील भौतिकशास्त्राचे पदवी विद्यार्थी आणि गुणगौरवाची परंपरा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दीक्षान्त समारंभात सुवर्णपदक स्वीकारणारा विद्यार्थी हे उच्च शिक्षणातील यशाचे परिचित दृश्य होय. तथापि पदक हा पूर्ण झालेल्या अभ्यासाचा गौरव असतो, तर शिष्यवृत्ती ही पुढील अभ्यासाची तरतूद असते. यवतमाळसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही परंपरांचा मागोवा घेतला आहे.

पदकाची परंपरा :
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विदर्भातील पदवी शिक्षणाचे केंद्र नागपूर होते. तेथील हिस्लॉप व मॉरिस ही महाविद्यालये आरंभी कलकत्ता विद्यापीठाशी आणि १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात यवतमाळचे अमोलकचंद, वणीचे लोकमान्य टिळक व पुसदचे फुलसिंग नाईक या महाविद्यालयांमुळे विज्ञान शिक्षण जिल्ह्यातच उपलब्ध झाले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली. अशा रीतीने गुणवत्तेचा निवाडा करणारे विद्यापीठ कलकत्त्याहून अमरावतीपर्यंत जवळ आले. मात्र पदकाचा आधार बदलला नाही. तो परीक्षेतील गुणानुक्रमच राहिला.

शिष्यवृत्तीची परंपरा :
राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली. १९६४ मध्ये ती देशभर लागू होऊन ३५० शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यास पदवीपासून पीएच.डी.पर्यंत साहाय्य मिळे, हे तिचे वैशिष्ट्य. परंतु प्रारंभी परीक्षा इंग्रजीतच होत असे. मराठी माध्यमातून शालेय शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यासमोर विषयाआधी भाषेचाच अडसर उभा राही. पुढे प्रादेशिक भाषांना मान्यता मिळाली. पण १९७७ पासून योजना इतर विद्याशाखांनाही खुली झाल्याने मूलभूत विज्ञानासाठीचे तिचे वेगळेपण संपले.

डिसेंबर २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘इन्स्पायर’ योजनेने हे सूत्र पुन्हा हाती घेतले. बारावीच्या प्रत्येक मंडळातील अव्वल एक टक्का विद्यार्थी तिच्या कक्षेत आले. मूळ रचनेत वार्षिक ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी होते. येथे नवी अडचण उद्भवते. आर्थिक साहाय्य मिळाले तरी प्रकल्पासाठी प्रयोगशाळा व मार्गदर्शक हवा. आणि तो शोधणे वणी-पुसदच्या विद्यार्थ्यास पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याइतके सोपे नाही.

शिक्षकांची भूमिका :
१९८४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेने पदवी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा सुरू केली. विद्यापीठाच्या चौकटीबाहेर, शिक्षकांनीच विद्यार्थ्यांची पारख करण्याचा हा उपक्रम होय. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यास स्वतःची तयारी देशपातळीवर अजमावण्याची संधी त्यातून मिळते.

निष्कर्ष :
विद्यापीठ जवळ आले, भाषेचा अडसर कमी झाला, आर्थिक तरतूदही झाली. उरले ते माहिती व मार्गदर्शनाचे अंतर. ते कोणतीही योजना परस्पर दूर करू शकत नाही. प्रथम वर्षातच विद्यार्थ्यास या संधींची माहिती देणे, अर्ज भरून घेणे आणि प्रकल्पासाठी मार्गदर्शक मिळवून देणे ही विभागाची जबाबदारी आहे. अन्यथा तिसऱ्या वर्षाअखेर गळ्यात पडणारे पदक हेच त्याच्या भौतिकशास्त्राचे शेवटचे पान ठरण्याचा धोका राहतो.