पेपर त्याचा, अक्षर माझं

परीक्षांचा मोसम जवळ आला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. "ताई, परवा पेपर आहे, रायटर मिळत नाहीये. कोणी आहे का ओळखीचं?" म्हणून ही पोस्ट. थोडी मोठी आहे, पण वाचा.

मी पहिल्यांदा लेखनिक म्हणून बसले तेव्हा एफवायला होते. समोर टीवायचा विद्यार्थी, जन्मापासून अंध, विषय इतिहास. सुरुवातीलाच त्याने बजावलं, "ताई, प्रश्न सावकाश वाचा, आणि प्रत्येक उत्तर मला परत वाचून दाखवा." मला वाटलं, कशाला उगाच वेळ घालवायचा? तिसऱ्याच उत्तरात तो म्हणाला लाहोर अधिवेशन, एकोणीसशे एकोणतीस. मी लिहिलं 1939. वाचून दाखवताना त्याने पकडलं. "पूर्ण स्वराज्याचा ठराव दहा वर्षं लांबवलात की!" तो हसला. मला मात्र घाम फुटला. वर्षभर अभ्यास त्याने केलेला, आणि मार्क माझ्या हातात.

घरी येताना एकच प्रश्न डोक्यात होता. ब्रेल येतं ना त्याला? मग मी का लागते?

याचं उत्तर इतिहासातच आहे. लुई ब्रेल 1809 साली फ्रान्समध्ये जन्मला. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात डोळ्याला आर लागली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तिथे पुस्तकं होती, पण नेहमीचीच अक्षरं कागदावर उठवलेली. वाचायला किचकट, आणि स्वतःला लिहायचं तर सोयच नाही. बार्बिए नावाच्या माणसाने बारा ठिपक्यांची एक पद्धत काढली होती. लुईने ती सहा ठिपक्यांवर आणली आणि 1829 मध्ये, विसाव्या वर्षी, छापून प्रसिद्ध केली. मुलांनी ती लगेच उचलली. शाळेने अधिकृतपणे स्वीकारली 1854 मध्ये, लुई जाऊन दोन वर्षं झाल्यावर! विरोधाचं एक मोठं कारण साधं होतं: डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती.

आपल्याकडेही रस्ता लांबचाच. मुंबईत ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा 1902 साली सुरू झाली. पण भारतीय भाषांसाठी तेव्हा निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालायच्या. 1951 मध्ये सगळ्यांसाठी मिळून भारती ब्रेल ठरली. मराठीचा क आणि तमिळचा क एकाच ठिपक्यांचा झाला. पुढच्याच वर्षी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली. नंतर कॅसेटवर पुस्तकं आली. स्वयंसेवक बसून आवाज द्यायचे. छापील पुस्तकं अंधांना वाचता येतील अशा रूपात करण्यात कॉपीराइटचा अडसर होता. तो दूर करणारा माराकेश करार 2013 मध्ये झाला आणि 2014 मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

म्हणजे वाचण्याचा प्रश्न बराच सुटत आलाय. परीक्षेचा नाही. कारण पेपर तपासणाऱ्याला आजही ब्रेल येत नाही. त्या मुलाला लिहिता येत नाही म्हणून मी लागत नव्हते. त्याने लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही म्हणून लागत होते. पॅरिसच्या शिक्षकांची अडचण दोनशे वर्षांनंतरही आपलीच आहे. मग लेखनिक होणं हे उपकार कसले? आपली उणीव आपण भरून काढतो, एवढंच.

नियम आहेत. केंद्र सरकारच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनी परीक्षार्थीला तासाला किमान 20 मिनिटं जादा आणि स्वतःचा लेखनिक आणण्याची मुभा दिली होती. पण नियम लेखनिक शोधून देत नाही. लेखनिक सहसा खालच्या इयत्तेतला लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याचीही परीक्षा किंवा क्लास असतो.

म्हणून आईवडिलांना विनंती. तुमचा मुलगा नववीत, मुलगी अकरावीत असेल, तर एका पेपरसाठी पाठवा. तीन-चार तास जातील. जवळच्या अंधशाळेत किंवा कॉलेजात आत्ताच नाव देऊन ठेवा, पेपरच्या आदल्या रात्री नको. परीक्षार्थीला आधी भेटू द्या, एकमेकांच्या बोलण्याची सवय होते.

आणि मुलांना तीन गोष्टी सांगा. सांगेल तेच लिहायचं, स्वतःची हुशारी घालायची नाही. पर्याय वाचताना आवाजातून उत्तर सुचवायचं नाही. आणि प्रत्येक उत्तर, प्रत्येक सन, परत वाचून दाखवायचा.

तयार असाल तर कमेंटमध्ये गाव आणि इयत्ता लिहा. जोडून द्यायचं काम मी करते.