विजेता कोण ठरवतो? अभिजीत सावंत आणि दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांचा इतिहास

5 मार्च 2005 रोजी मुंबईचा अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वाचा विजेता ठरला. त्या वेळी त्याचे वय 23 होते. अमित साना उपविजेता, तर राहुल वैद्य तिसरा आला. अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान हे परीक्षक होते, पण अखेरच्या टप्प्यात निकाल त्यांच्या हातात नव्हता. तो लोकांनी पाठवलेल्या एसएमएस आणि दूरध्वनीवरील मतांवर ठरत होता. या स्पर्धेचा इतिहास समजून घेताना ‘कोण जिंकले’ यापेक्षा ‘जिंकणाऱ्याला नेमके काय मिळाले’ हा प्रश्न विचारा. त्या दृष्टीने सावंत यांची कारकीर्द उपयोगी आहे.

आधी थोडे मागे जाऊ. 1 मे 1995 रोजी झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले. सूत्रसंचालक सोनू निगम होते आणि परीक्षकांच्या खुर्चीत नौशाद, खय्याम यांच्यासारखे संगीतकार बसत. गुण तेच देत. दक्षिणेत ईटीव्हीवर एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी तेलुगूत ‘पाडुता तीयगा’ आणि कन्नडमध्ये ‘एदे तुंबि हाडुवेनु’ हे कार्यक्रम केले. गाणे संपल्यावर सूर कुठे हलला, उच्चार कुठे बिघडला हे ते शिकवणीच्या थाटात सांगत. तुमच्यापैकी जे बेंगळुरूत वाढले, त्यांच्या घरी वडीलधाऱ्यांना हे नक्की आठवत असेल. या काळातील स्पर्धा म्हणजे एक प्रकारची प्रवेशपरीक्षा होती. श्रेया घोषाल ‘सा रे ग म’च्या मंचावर दिसल्या आणि तिथून 2002 च्या ‘देवदास’पर्यंत पोहोचल्या. कार्यक्रम दार उघडून देई, काम मात्र चित्रपटसृष्टी देई.

‘इंडियन आयडॉल’चा साचा वेगळा होता आणि तो बाहेरून आला होता. ब्रिटनमध्ये 2001 मध्ये ‘पॉप आयडॉल’ सुरू झाले, पुढच्याच वर्षी त्याची अमेरिकी आवृत्ती आली आणि मग या साच्याचे हक्क देशोदेशीच्या वाहिन्यांनी विकत घेतले. भारतात ऑक्टोबर 2004 मध्ये सोनी वाहिनीने तो आणला. वेळही नेमकी होती. 2003 मध्ये येणारे कॉल मोफत झाले, मोबाइल मध्यमवर्गीय घरांत शिरला आणि 2005 च्या सुरुवातीला देशात सुमारे पाच कोटी मोबाइलधारक होते. मताचा एसएमएस नेहमीच्या एसएमएसपेक्षा महाग असे. ती कमाई दूरसंचार कंपन्या आणि वाहिनी वाटून घेत. म्हणजे प्रेक्षक मतदारही होता आणि ग्राहकही.

आता मुख्य मुद्दा. या साच्यातले बक्षीस होते ध्वनिमुद्रणाचा करार, म्हणजे स्वतःच्या नावाचा अल्बम. ब्रिटन-अमेरिकेत याला अर्थ होता, कारण तिथे गायकाचा अल्बम हीच बाजारातली मुख्य वस्तू होती. भारतात मुख्य वस्तू चित्रपटगीत होती. नव्वदच्या दशकात अलिशा चिनॉय, लकी अली, दलेर मेहंदी यांच्यामुळे चित्रपटाबाहेरील गाण्यांचा एक बाजार उभा राहिला होता खरा, पण 2005 पर्यंत तो एमपी3, चोरटी विक्री आणि रिंगटोन यांच्या माऱ्यात आटत चालला होता. सावंत यांचा ‘आपका अभिजीत सावंत’ त्याच वर्षी आला आणि गाजला. पुढे 2007 मध्ये ‘जुनून’ आला. बक्षीस खरे होते, पण ज्या बाजारासाठी ते बेतले होते तोच संपत होता. चित्रपटात कोणाचा आवाज घ्यायचा हे मात्र संगीतकार आणि निर्माते ठरवत, आणि तिथे एसएमएस चालत नसे. ‘आशिक बनाया आपने’ (2005) मध्ये त्यांनी गायले, पण चित्रपटांतील कामाचा ओघ राहिला नाही. नंतर मराठीत ‘मंगलाष्टक वन्स मोअर’ (2013) मधील बेला शेंडे यांच्यासोबतचे द्वंद्वगीत खूप ऐकले गेले. माझ्या मते ते त्यांच्या आवाजाला सर्वांत शोभणारे काम आहे, आणि ते कोणत्याही मतदानातून आलेले नाही.

याच वर्षांतला दुसरा पुरावा पाहा. 2005 मध्येच सोनीवर ‘फेम गुरुकुल’ झाले. त्यात लोकांच्या मतांनी काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी जिंकले. अर्जित सिंग त्याच स्पर्धेतून बाहेर पडला. तो पुढे संगीतकारांच्या हाताखाली ध्वनिमुद्रणाची कामे करत राहिला आणि 2013 च्या ‘आशिकी 2’नंतर देशभर पोहोचला. उलट बाजूचे उदाहरणही आहे, ते लपवू नये. विदर्भातील वैशाली म्हाडे मराठी ‘सारेगमप’ जिंकल्या, 2009 मध्ये हिंदी ‘सा रे ग म प’ही जिंकल्या आणि पुढे ‘बाजीराव मस्तानी’ (2015) मधील ‘पिंगा’त श्रेया घोषाल यांच्याबरोबर गायल्या. तिथे नेमका तसा मराठी मातीतला आवाज हवा होता. तरीही विजय आणि ते गाणे यांच्यात सहा वर्षे गेली.

मत देणारा काय पाहून मत देतो? 2007 च्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा, कोलकाता पोलीस दलातला प्रशांत तामंग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत आले. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात एसएमएससाठी वर्गण्या गोळा झाल्या. तामंग जिंकला. त्यानंतर एका रेडिओ निवेदकाच्या अपमानकारक शेऱ्यावरून सिलिगुडीत हिंसाचार झाला. मतदानासाठी जमलेल्या त्या लोकांच्या बळावर बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबर 2007 मध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि स्वतंत्र गोरखालँडची मागणी पुन्हा पेटली. गाण्याच्या कार्यक्रमातून राजकीय पक्ष उभा राहण्याचे याहून स्पष्ट उदाहरण भारतात मला माहीत नाही.

आपल्या माणसाला मत देण्याची ही ओढ युरोपला फार आधीपासून ठाऊक होती. 1956 पासून चालणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत कोणत्याही देशाला स्वतःला मत देता येत नाही. म्हणूनच लॅटव्हियासारखा छोटा देश 2000 मध्ये प्रथम उतरला, तिसरा आला आणि 2002 मध्ये मारी एन् या गायिकेमुळे जिंकलाही. लोकसंख्येच्या जोरावर तिथे बाजी मारता येत नाही.

आशियाने वेगळी तोड काढली. डिसेंबर 2007 मध्ये जकार्त्यात ‘एशियन आयडॉल’ झाले. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि व्हिएतनाम या सहा देशांचे विजेते त्यात होते, आणि भारताकडून अभिजीत सावंत गेले होते. स्वतःच्या देशाला मत देण्याची मुभा होती, पण प्रत्येकाने दोन वेगवेगळ्या स्पर्धकांना मत द्यायचे होते. परिणाम काय होतो ते तुम्हीच मांडून पाहा. पहिले मत घरच्याला जाते, दुसरे शेजाऱ्याला किंवा खरोखर आवडलेल्याला. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा, सहांतील सर्वांत कमी लोकसंख्येच्या देशाचा. शंभर कोटींहून जास्त लोकांचा देश पाठीशी असून भारतीय स्पर्धक हरला. यात गाण्याचा वाटा किती आणि नियमाचा किती, यावर वर्गात वाद घालण्यासारखे बरेच आहे.

सावंत यांचा पुढचा प्रवास पाहिला तर ते सारखे स्पर्धेच्याच मंचावर परतताना दिसतात. 2008 मध्ये स्टार प्लसवरील ‘जो जीता वही सुपरस्टार’, जिथे पूर्वी तिसरा आलेला राहुल वैद्य जिंकला. त्याच सुमारास पत्नीसोबत ‘नच बलिये’. 2010 मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या पाचव्या पर्वाचे सूत्रसंचालन. याला अपयश म्हणण्याची घाई करू नका. मतदानाने घडवलेला प्रसिद्ध माणूस दूरचित्रवाणीचा होतो, आणि दूरचित्रवाणी त्याला जे काम देऊ शकते ते बहुतेक वेळा आणखी एक स्पर्धा असते.

2024 मध्ये ते ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात आले. आता महागडा एसएमएस नव्हता, मत मोबाइलवरील ॲपमधून जात होते. 6 ऑक्टोबरला अंतिम निकाल लागला. रील्समधून लोकप्रिय झालेला, बारामती तालुक्यातला सूरज चव्हाण जिंकला आणि अभिजीत सावंत उपविजेते ठरले.