आज्ञापालन : मिलग्रॅमचे प्रयोग

अधिकारी व्यक्तीच्या सांगण्यावरून सामान्य माणूस स्वतःच्या विवेकाविरुद्ध किती दूर जातो, याचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम (१९३३–१९८४) याने येल विद्यापीठात १९६१-६२ मध्ये केला. त्याच सुमारास जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइखमान याच्यावर खटला चालू होता आणि आपण केवळ हुकूम पाळले हा त्याचा बचाव जगभर चर्चेत होता. स्मरणशक्तीचा प्रयोग असल्याचे सांगून मिलग्रॅमने न्यू हेवनमधील पुरुषांना बोलावले. भिंतीपलीकडील ‘विद्यार्थी’ चुकला की ‘शिक्षका’ने विजेचा धक्का द्यायचा, दर वेळी १५ व्होल्टने वाढवत ४५० पर्यंत. धक्के खोटे होते, विद्यार्थीही संशोधकाचाच माणूस होता. १९६३ च्या पहिल्या निबंधानुसार ४० पैकी २६ जण शेवटच्या कळीपर्यंत गेले.

हा ६५ टक्क्यांचा आकडाच लोकांच्या लक्षात राहिला आणि माणूस मुळातच हुकमाचा ताबेदार, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. तो चुकीचा आहे. प्रयोगाचा खरा ऐवज मिलग्रॅमने केलेल्या फेरफारांत आहे. विद्यार्थी त्याच खोलीत बसवला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. संशोधक फोनवरून सूचना देऊ लागला तेव्हा जेमतेम पाचवा हिस्सा उरला. सोबत बसवलेल्या दोन ‘शिक्षकां’नी नकार दिल्यावर ४० पैकी चौघेच टिकले. दोन संशोधकांनी परस्परविरोधी सूचना दिल्या तेव्हा कोणीही शेवट गाठला नाही. उलट, कळ दाबण्याचे काम दुसऱ्याकडे असताना ४० पैकी ३७ जण मुकाट्याने सोबत राहिले. एवढा चढउतार जन्मजात स्वभावातून संभवत नाही. आज्ञा देणारा, सोसणारा आणि भोवतालची माणसे यांच्याशी असलेल्या नात्यावर आज्ञापालन ठरते.

अशा वेळी माणूस स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचे निव्वळ साधन मानू लागतो, असे स्पष्टीकरण मिलग्रॅमने १९७४ च्या ग्रंथात दिले. ते अपुरे वाटते. कचरणाऱ्याला चार ठरावीक वाक्यांनी पुढे ढकलले जाई. त्यांतले शेवटचे, ‘तुम्हाला दुसरा पर्यायच नाही’, हे तेवढे उघड फर्मान होते. जेरी बर्गर याने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुनर्प्रयोगात हे वाक्य ज्यांना ज्यांना ऐकवावे लागले, त्या सर्वांनी नकार दिला. विज्ञानासाठी हे आवश्यक आहे, या विश्वासावर लोक पुढे जात होते. धाक दाखवताच तो विश्वास तुटला. शिवाय हातून घडलेली कृती वृत्तीला आपल्या बाजूला ओढते, हे लिऑन फेस्टिंगरने १९५७ मध्येच मांडले होते. १५० व्होल्ट दिल्यावर १६५ नाकारणे म्हणजे आधीचा धक्काही चूक होता, हे कबूल करणे. विद्यार्थी १५० व्होल्टला सुटकेची मागणी करतो अशा एका फेरफारात ती मागणी डावलून पुढे गेलेल्या ३३ पैकी २६ जण शेवटपर्यंत गेले.

सहभागींना बनाव कळला असावा, हा आक्षेप गंभीर आहे. कित्येकांनी नंतर शंका नोंदवली होती, हे जिना पेरीने अभिलेखांतून दाखवले. त्यामुळे ६५ हा आकडा जपूनच वापरायला हवा. तरीही सर्व काही नाटकावर ढकलता येत नाही. शेरिडन आणि किंग यांनी १९७२ मध्ये कुत्र्याच्या पिल्लाला सहभागींकडून खरे, सौम्य धक्के देवविले. तेथेही २६ पैकी २० जण शेवटपर्यंत गेले. सहभागींना भोगाव्या लागलेल्या मनस्तापावर डायना बॉमरिंडने १९६४ मध्ये घेतलेला आक्षेप मात्र खोडता येत नाही, आणि संशोधनाचे नियमही त्याच दिशेने कडक झाले. म्हणूनच बर्गरला आपला प्रयोग १५० व्होल्टवर थांबवावा लागला. त्या क्षणी ४० पैकी २८ जण पुढे जायला तयार होते.