गोठविलेला भ्रूण आणि कायदा
१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने गर्भस्थ अपत्याचा हक्क मान्य केला. मात्र ते अपत्य पुढे जिवंत जन्मास आले पाहिजे, अशी अट घातली. गर्भ म्हणजे मातेच्या उदरातला, हे त्या काळी वेगळे सांगावे लागत नसे.

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने, देहाबाहेर फलित झालेल्या बीजापासून एक कन्या जन्मली. पुढे उरलेले भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनात राखण्याची रीत रूढ झाली आणि प्रश्न उभा राहिला : हे भ्रूण अपत्य की वस्तू?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, अपत्याच्या मृत्यूची भरपाई देणाऱ्या १८७२ च्या कायद्यापुरते, त्यांना अपत्य ठरविले. खटल्यांच्या भीतीने काही चिकित्सालयांनी उपचार थांबविले. कित्येक जोडपी अधांतरी राहिली. मार्चमध्ये विधिमंडळाला चिकित्सकांस संरक्षण देणारा कायदा करावा लागला.

भारताच्या २०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्याने या वादाचा निकाल न लावता व्यवहार बांधून दिला. परळ असो वा बंगळूरचा सर्जापूर रोड, नियम एकच : लेखी संमती हवी, विक्री नाही, आणि जतन फार तर १० वर्षे. त्यानंतर भ्रूणाचा अंत होऊ द्यावा, किंवा जोडप्याच्या संमतीने तो संशोधनास द्यावा. उशिरा दुसऱ्या अपत्याची आस धरणाऱ्यांना ही मुदत जाचते. परंतु उपचाराचे दार त्यामुळे बंद झालेले नाही.